वुल्फच्या खेळात एकट्याने कधी उतरावे?

प्रश्न : आम्ही चार मित्र दर शनिवारी सकाळी न्यू जर्सीतील काउंटीच्या सार्वजनिक मैदानावर गोल्फ खेळतो. रंगत यावी म्हणून गेल्या मोसमापासून आम्ही ‘वुल्फ’ खेळू लागलो आहोत; त्यात पाळीपाळीने एक जण ‘वुल्फ’ होतो आणि जोडीदार घेऊन किंवा एकटाच बाकीच्यांविरुद्ध खेळतो. जोडीदार घेतलेला वुल्फ जिंकला तर त्या दोघांना प्रत्येकी 2 गुण आणि हरला तर समोरच्या दोघांना प्रत्येकी 3 गुण मिळतात. एकटा वुल्फ जिंकला तर त्याला 4 आणि हरला तर बाकीच्या तिघांना प्रत्येकी 1 गुण मिळतो. शेवटी प्रत्येक जण प्रत्येकाशी गुणांच्या फरकाचा हिशेब करतो आणि एका गुणाला 25 सेंट धरतो. आमचा एक मित्र जवळजवळ प्रत्येक पाळीला एकटाच उतरतो, जिंकतो त्यापेक्षा अधिक वेळा हरतो आणि तरीही पैसे घेऊन तोच घरी जातो. याला नशीब म्हणावे का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : नशीब नव्हे. तुमच्या मित्राने गुणांचा तक्ता तुम्हा तिघांपेक्षा अधिक नीट वाचला आहे.

इतर वाचकांसाठी आधी खेळ थोडक्यात सांगतो. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका (टी शॉट) मारण्याच्या जागी, चिठ्ठ्या टाकून चौघांचा क्रम ठरतो आणि त्या क्रमाने प्रत्येक होलला, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी प्रत्येकाला, एक जण वुल्फ होतो. वुल्फ आपला चेंडू मारतो आणि मग इतरांचे टी शॉट पाहतो. कोणाचा शॉट आवडला, तर पुढचा खेळाडू टीवर उभा राहण्याआधीच त्याला जोडीदार म्हणून घ्यावे लागते, कारण एकदा नाकारलेला माणूस पुन्हा मागता येत नाही. तिघांनाही नाकारले की वुल्फ एकटा पडतो आणि त्याचा स्कोअर (होलला लागलेले फटके; कमी तितके चांगले) तिघांतल्या सर्वांत चांगल्या स्कोअरशी ताडला जातो. जोडीने खेळताना दोन्ही बाजूंचा उत्तम चेंडू, म्हणजे जोडीतला कमी फटक्यांचा स्कोअर, धरतात.

आता तुमचा तक्ता पैशांत मांडून पाहू. एकटा वुल्फ जिंकला की तिघांपासून प्रत्येकी 4 गुणांचा फरक पडतो, म्हणजे त्याला 12 गुणांचे 3 डॉलर मिळतात. हरला तर तिघांना प्रत्येकी 1 गुण, म्हणजे केवळ 75 सेंट द्यावे लागतात. याउलट जोडीदार घेऊन जिंकल्यास दोघा प्रतिस्पर्ध्यांकडून प्रत्येकी 2 गुणांप्रमाणे 1 डॉलर मिळतो, पण हरल्यास दोघांना प्रत्येकी 3 गुणांप्रमाणे दीड डॉलर जातो. एकट्याच्या एका विजयात चार पराभव भरून निघतात आणि जोडीने खेळणाऱ्याला मात्र दोन पराभव भरून काढायला तीन विजय लागतात. अशा तक्त्यात पाचपैकी एक होल जिंकून चार हरणारा एकटा वुल्फसुद्धा बरोबरीत सुटतो, आणि बरोबरीत सुटलेल्या होलना कोणालाच गुण नसल्यामुळे ते या हिशेबात येतही नाहीत. तुमचा मित्र प्रत्येक पाळीला एकटा उतरतो तो या हिशेबाने.

त्याला दोष देण्याऐवजी तक्ता बदला. एकट्याने हरल्यास तिघांना प्रत्येकी 2 गुण द्या. म्हणजे एका विजयात दोनच पराभव भरून निघतील आणि एकट्याने उतरण्याचा निर्णय खरोखर विचार करून घ्यावा लागेल. जोडीच्या पराभवाचे गुणही 3 वरून 2 करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वुल्फला निवडीचा फायदा असतो म्हणून त्याच्या पराभवाला जास्त दंड असावा, असे 3 गुणांचे समर्थन केले जाते, परंतु तो दंड ज्याने काहीच निवडले नाही अशा जोडीदारालाही भरावा लागतो आणि त्यामुळे माणसे जोडी करायलाच कचरतात. कोणाचाही टी शॉट पाहण्यापूर्वी, स्वतःचाही चेंडू मारण्याआधी, एकट्याने खेळण्याची घोषणा करणाऱ्या ‘ब्लाइंड वुल्फ’ला विजयासाठी 6 आणि पराभवासाठी तिघांना प्रत्येकी 3 गुण ठेवावेत, म्हणजे प्रमाण तेच राहील.

बरोबरी झालेल्या होलचे गुण पुढच्या होलवर चढवण्याची पद्धत अनेक गट पाळतात. मी ती पाळू नका असे सांगेन, कारण त्याने पुढच्या वुल्फच्या हातात आयती दुप्पट पैज येते आणि सकाळभराचा हिशेब दोन-तीन होलवर ठरून जातो.

राहिला प्रश्न 17 व्या आणि 18 व्या होलचा. चौघांच्या प्रत्येकी चार पाळ्या 16 व्या होलला संपतात आणि उरलेल्या दोन होलवर त्या क्षणी सर्वांत कमी गुण असलेला खेळाडू वुल्फ होतो. इथे मागे पडलेला माणूस बहुधा भरपाईच्या ओढीने डोळे मिटून एकटा उतरतो. पैसे गुणांच्या फरकावर आहेत, क्रमांकावर नाहीत, हे त्याने विसरू नये. चौथा आल्याबद्दल वेगळा दंड नसतो. म्हणून 18 व्या होलवरचा निर्णयही दुसऱ्या होलवरच्या निर्णयाइतकाच थंड डोक्याने घ्यावा.

हिशेब पटकन करण्याची रीत अशी : प्रत्येकाच्या गुणांना 4 ने गुणावे आणि त्यातून चौघांच्या गुणांची बेरीज वजा करावी. समजा, गुण 26, 19, 15 आणि 12 झाले, बेरीज 72. पहिल्याचे 104 वजा 72, म्हणजे 32 गुण येणे. दुसऱ्याचे 4 येणे, तिसऱ्याचे 12 देणे, चौथ्याचे 24 देणे. गुणाला 25 सेंट धरल्यास पहिल्याला 8 डॉलर, दुसऱ्याला 1 डॉलर मिळतो, तिसरा 3 आणि चौथा 6 डॉलर देतो. येणे आणि देणे समान आले नाही, तर गुणाकारात किंवा बेरीज-वजाबाकीत कुठेतरी चूक झाली आहे असे समजावे.

प्रश्न : आमच्या चौघांचे कोर्स हँडिकॅप (कौशल्यातला फरक भरून काढण्यासाठी त्या मैदानावर मिळणारे सवलतीचे फटके) 6, 11, 15 आणि 24 असे आहेत. 24 माझा आहे. वुल्फमध्ये मला सहसा कोणी जोडीदार म्हणून घेत नाही. हे सवलतीचे स्ट्रोक कसे वाटावेत आणि मी काय करावे? — एक वाचिका, सॅन होजे

उत्तर : जागतिक हँडिकॅप पद्धतीत दोघांविरुद्ध दोघांच्या मॅच प्लेसाठी (होलगणिक हार-जीत ठरणाऱ्या खेळासाठी) कोर्स हँडिकॅपच्या 90 टक्के आणि एकास एक मॅच प्लेसाठी पूर्ण 100 टक्के धरण्याची शिफारस आहे. वुल्फमध्ये दोन्ही प्रकारचे होल येतात; पण बहुतेक होल जोडीचे असल्यामुळे संपूर्ण फेरीसाठी 90 टक्के धरणे सोयीचे. त्याप्रमाणे तुमचे आकडे 5, 10, 14 आणि 22 होतात. सर्वांत कमी आकडा सगळ्यांतून वजा केला की उरतात 0, 5, 9 आणि 17. हे स्ट्रोक कार्डावरील स्ट्रोक इंडेक्सप्रमाणे (स्ट्रोक कोणत्या होलला आधी द्यायचा त्याचा क्रम), 1 पासून पुढे, वाटायचे. तुम्ही पुढच्या टीवरून खेळत असाल तर हँडिकॅप इंडेक्सवरून काढलेला कोर्स हँडिकॅप मात्र त्याच टीच्या स्लोप आणि कोर्स रेटिंगवरून (मैदान किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) काढलेला असावा.

आता वाटणी नीट पाहा. स्ट्रोक इंडेक्स 10 ते 17 या आठ होलवर स्ट्रोक केवळ तुम्हालाच आहे. तिथे तुमची बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) इतरांच्या पारच्या (होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या) बरोबरीची ठरते. तुमचे मित्र टी शॉटची लांबी पाहून जोडीदार निवडतात आणि तिथेच फसतात. वुल्फने दोन गोष्टी पाहायला हव्यात : या होलवर कोणाला स्ट्रोक आहे, आणि त्याचा चेंडू पुढचा फटका सरळ मारता येईल अशा जागी आहे का. चार पारच्या होलवर झाडांपासून दूर, फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) 150 यार्डांवर पडलेला तुमचा चेंडू पुढे दोन साध्या फटक्यांत ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पोहोचतो आणि दोन ‘पट’मध्ये (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत) 5 होतो. स्ट्रोक धरून ते 4. स्ट्रोक नसलेल्या, 230 यार्ड मारून उंच गवतात गेलेल्या माणसाला तोच 4 कमवायला खूप कष्ट पडतात.

तुमची स्वतःची पाळी आली की याचा उपयोग अधिक. पहिल्या टीवर क्रम ठरताच आपले चार होल कोणते ते कार्डावर खूण करून ठेवा आणि त्यांचे स्ट्रोक इंडेक्स पाहा. तीन पारचे छोटे होल बहुधा मोठ्या आकड्यांचे असतात. समजा, 130 यार्डांचा, इंडेक्स 14 चा होल आहे, तुम्ही वुल्फ आहात आणि तुमचा चेंडू पहिल्याच फटक्यात ग्रीनवर थांबला. दोन पट घेऊन तुमचे 3, स्ट्रोक धरून 2. तुमच्याशी नुसती बरोबरी करायलाही तिघांपैकी कोणालातरी बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) लागेल. तिघांपैकी कोणाचा चेंडू झेंड्याला खेटून पडला नाही, तर तिथे एकट्याने उतरा. याउलट इंडेक्स 5 पर्यंतच्या होलवर तुमच्याबरोबर 11 आणि 15 वाल्यांनाही स्ट्रोक आहे; तिथे या दोघांपैकी जो फेअरवेवर असेल त्याला निःसंकोच घ्या.

प्रश्न : आम्ही पुण्यात 100 रुपयांची ‘नॅसॉ’ खेळतो. मागच्या वेळी एका मित्राला 300 ऐवजी बरेच अधिक द्यावे लागले आणि थोडी कटुता आली. प्रेस आपोआप लागू करावा का? — एक वाचक, येरवडा

उत्तर : नॅसॉ म्हणजे पहिले नऊ होल, शेवटचे नऊ होल आणि संपूर्ण अठरा अशा तीन पैजा. हे नाव न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या नॅसॉ कंट्री क्लबवरून आले. मूळ खेळात 100 रुपयांच्या दराने कोणालाही 300 पेक्षा जास्त गमवावे लागत नाहीत. प्रेस म्हणजे दोन होलने मागे पडल्यावर उरलेल्या होलसाठी लावलेली नवी पैज. ती आपोआप लागत असेल आणि एखाद्याचा दिवस अगदीच वाईट गेला, तर नऊ होलमध्ये मूळ पैजेशिवाय तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या होलपासून चार प्रेस सुरू होतात. पहिल्या नवात पाच पैजा, दुसऱ्या नवात पाच आणि अठराची एक, म्हणजे 300 चे 1100 रुपये.

म्हणून आपोआप प्रेस बंद करा. मागे पडलेल्याने स्वतःहून मागितला तरच प्रेस लागावा, आणि तोही प्रत्येक नवात एकदाच. याने जास्तीत जास्त देणे 500 रुपये होते आणि तो आकडा पहिल्या टीवर चौघांनी मोठ्याने सांगून ठेवावा. गोल्फच्या नियामक संस्थांनाही एकमेकांना ओळखणाऱ्या खेळाडूंमधील, ऐच्छिक आणि लहान रकमेची पैज आक्षेपार्ह वाटत नाही. मात्र आपल्या क्लबचा पैशांच्या पैजेविषयीचा नियम आधी पाहावा, आणि तो मनाई करत असेल तर फेरीनंतरच्या नाश्त्याचे बिल याच गुणांच्या प्रमाणात वाटून घ्यावे.