समेटाचा रकाना

प्रिय पोरी,

तू पत्रात विचारलंयस, "ताई, आपल्या केंद्रात वर्षाला किती संसार वाचतात?" एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, करून येणारी प्रत्येक मुलगी हेच विचारते. दोष आपल्या वार्षिक अहवालाचा आहे. त्यात 'समेट' नावाचा एक रकाना आहे आणि देणगीदारांचं बोट आधी तिथेच जातं. रुजू होण्याआधी एक गोष्ट पक्की करून घे. आपलं केंद्र घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी आहे, संसार जुळवून देणं हे आपलं काम नाही. त्यासाठी भावकी आहे, मध्यस्थ आहेत, २००७ पासून गावोगावी तंटामुक्ती समित्याही आहेत. "जाऊ दे, नांदायला जा" असं सांगणाऱ्या माणसांची आपल्याकडे येणाऱ्या बाईला कधी वानवा नसते.

पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा ही तरुण मुलगी लग्नानंतर काही महिन्यांतच राहत्या घरी मेलेली सापडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये नवरा निर्दोष सुटला. त्या प्रकरणाने पुण्यातल्या बायका हलल्या. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी उभी केलेली नारी समता मंच ही संघटना त्यातूनच पुढे आली. आपल्यासारखी छोटी केंद्रं त्याच वाटेने आली आहेत, म्हणून हे सांगतेय. पण मला त्या प्रकरणातलं आणखी एक आठवतं. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, मनातली घालमेल त्यांत होती. म्हणजे ती बोलली होती. ऐकणाऱ्याने पुढे काय करायचं, हे त्या काळात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला पगार मिळणार आहे तो हे ठाऊक असण्याचा.

आता पहिल्या भेटीबद्दल. आपल्याकडे गर्दी बाजाराच्या दिवशी असते, कारण त्या दिवशी घराबाहेर पडायला निमित्त लागत नाही. बाई दारात पिशवी घेऊन उभी राहील आणि म्हणेल, "माझ्या मैत्रिणीची अडचण आहे." मैत्रिणीचीच समज. पाणी दे, पिशवी कुठे ठेवायची ते दाखव, फॉर्म ड्रॉवरमध्येच राहू दे. सोबत भाऊ किंवा आई आली असेल तर त्यांना बाहेर चहा पाज आणि तिच्याशी एकटीशी बोल. भाऊ बोलत राहिला तर भावाची केस तयार होते, तिची होत नाही. माहेरच्यांना कधी तिला लवकर परत पाठवायचं असतं, कधी जावयाला धडा शिकवायचा असतो. तिला काय हवंय हे दोन्हीत राहून जातं.

मग विचार: फोन कुणाच्या हातात असतो? केव्हा केलेला चालेल? नवऱ्याने उचलला तर काय म्हणायचं? बऱ्याच बायका आपला नंबर 'शिवणक्लास' नावाने ठेवतात, त्यामुळे फोनवर संस्थेचं नाव पहिल्या वाक्यात घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी तिने अर्धंच सांगितलं तरी चालेल. ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांनी कुठेतरी मदत मागितली होती, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते. ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. तुझ्यासमोर बसलेली बाई फार मोठा उंबरा ओलांडून आलेली असते.

"मारतो का?" एवढंच विचारशील तर "तसं काही नाही" हे उत्तर मिळेल. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार मानतो. चौथा आपल्या भागात सगळ्यात जास्त लपतो. बचतगटाचं कर्ज हिच्या नावावर, पैसे त्याने उडवले आणि हप्ता ही शेतमजुरी करून भरते. एटीएम कार्ड सासूच्या कपाटात. हे हिंसेत मोडतं, हे तिला पहिल्यांदा तुझ्याकडूनच कळेल.

काही उत्तरं ऐकल्यावर बाकीचं सगळं बाजूला ठेवायचं. त्याने गळा दाबला होता का? रॉकेल, पेट्रोल, कोयता यांची भाषा केलीय का? ती गरोदर आहे का? मार अलीकडे वाढलाय का? गळा दाबला असेल आणि अंगावर वळ दिसत नसेल, तरी ते सगळ्यात धोक्याचं लक्षण मान आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात ने. हेही ध्यानात ठेव की बाई घर सोडायचं ठरवते तेव्हा धोका कमी होत नाही, वाढतो. "निघून या, बघू आपण" असं उत्साहात बोलून बसू नकोस. जायचं कुठे, कोणत्या गाडीने, मुलं शाळेत असताना की घरी असताना, हे तिच्याबरोबर बसून ठरव. घरातलं सगळं तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तो कधी पितो, कधी झोपतो, कोणती शेजारीण दार उघडेल. सखी केंद्रात, म्हणजे पीडित बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, पाच दिवस राहता येतं, त्यापुढे शक्ती सदन हे सरकारी निवारागृह. पण ठरावीक वयापुढचा मुलगा आईबरोबर ठेवून घेत नाहीत आणि पुष्कळ बायका तिथेच अडतात. हे आधी सांग, दारात गेल्यावर कळू देऊ नकोस. रात्रीसाठी १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिला तोंडपाठ करायला लाव, चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस.

कागद हळूहळू जमवायचे. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, लग्नाची पत्रिका किंवा फोटो. एक संच विश्वासाच्या शेजारणीकडे, फोटो बहिणीच्या फोनमध्ये. डॉक्टरांसमोर "जिन्यावरून पडले" म्हणायची सवय मोडावी लागते, कारण केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढे कोर्टात बोलतं. डी.आय.आर., म्हणजे घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल, भरताना तारखा अडतील. बायकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. "गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी", "पोळ्याच्या आदल्या रात्री". आपल्या टेबलावर मागच्या पाच वर्षांच्या दिनदर्शिका ठेवलेल्या आहेत त्या यासाठीच. मात्र वाक्य तिचंच लिही. "सदर इसमाने मानसिक छळ केला" यातून न्यायाधीशांना काहीच दिसत नाही. त्याने तिचं जेवणाचं ताट अंगणात फेकलं, मुलांदेखत, हे दिसतं.

घरगुती हिंसाचाराचा कायदा तू वाचला असशीलच. कलम १२ चा, मॅजिस्ट्रेटकडे दाद मागायचा अर्ज, पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत काढायचा प्रयत्न. हे कागदावर. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि दर तारखेला तिचा रोज बुडतो. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायला वकिलांना आठवण कर. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला मोफत मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि घर! सासरचे म्हणतील, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तिचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगून ठेवलंय की सामाईक घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी तिचा राहण्याचा हक्क तेवढ्यानं जात नाही. या निकालाची प्रत कपाटात वरच आहे. पोलीस ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण होते तेव्हाही कागदावर बोट ठेवून बोलता आलं पाहिजे, आवाज चढवून फारसं काही मिळत नाही.

नवरा-बायकोला समोरासमोर बसवायच्या बैठकीची मला खरी चिंता वाटते, कारण तू स्वभावाने गोड आहेस. समोरची बाजू दहा जणांना घेऊन येईल. आत दोघंच. ती दाराजवळ बसेल, तो आतल्या बाजूला. तो इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल आणि तुला वाटेल, हा तर किती समजूतदार! मग हळूच येईल, "पण हिचं तोंडच असं आहे..." तिथे थांबवायचं. याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांतला चौदावा नियम हेच सांगतो: केलेल्या हिंसेचं समर्थन समुपदेशनात करू द्यायचं नाही आणि हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. भाजीत मीठ कमी होतं का, यावर आपल्याकडे चर्चा होत नाही. ती होऊ लागली की आपणही तंटामुक्ती समिती झालो. आणि तिच्याशी एकटीशी बोलून तिची तयारी असल्याशिवाय त्याला नोटीस पाठवायची नाही, मग जिल्ह्यावरून कितीही फोन येवोत.

ती परत जाईल. पुष्कळ जणी जातात, काही जणी पुनःपुन्हा जातात. मुलाची दहावी असते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, कधी तिचं त्या माणसावर अजून प्रेमही असतं. हे शेवटचं आपल्याला पचत नाही, पण ते असतं. चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नकोस. तिच्यावर चिडून तिला पाठवलीस तर पुढच्या खेपेला ती येणार नाही, आणि धोक्याची खेप तीच असू शकते. अटी लेखी घे, पंधरा दिवसांनी भेट ठरव आणि रजिस्टरमध्ये 'समेट' असं न लिहिता 'सध्या सासरी, संपर्क चालू' लिही. अहवाल भरताना यावरून माझं दरवर्षी भांडण होतं. या वर्षी तू शेजारी असशील. देणगीदार बायकांचे फोटो मागतील, निदान पाठमोरे तरी. पाठमोरेही द्यायचे नाहीत. साडीवरून गाव ओळखतं.

पगार उशिरा होतो, अनुदान अडकलं की आणखी उशिरा. स्वतःच्या पर्समधून कुणाला पैसे देऊ नकोस, एस.टी.च्या भाड्यासाठी केंद्राची पेटी आहे. स्वतःचा खासगी नंबरही देऊ नकोस. शनिवारी दुपारी सगळ्या प्रकरणांवर आपण एकत्र बसतो, तिथे जे अंगावर आलं असेल ते बोलून टाकायचं. घरी नेलंस तर तुझी आई आठवड्यात नोकरी सोडायला लावेल.

पहिला महिना तू माझ्या शेजारी बसून फक्त ऐकायचंस. मंगळवारी या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे आणि कोर्टातल्या लिपिकाकडे नेऊन ओळख करून देते, अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. राहायची सोय झाली नसेल तर लगेच कळव. पोस्टाच्या मागे एक खोली रिकामी आहे, भाडं बेताचं आहे, घरमालकीण तेवढी बोलकी आहे.

तुझी,
ताई