शंका-समाधान : मोजण्याआधी माप असतं का?

प्रश्न : सर, मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. जॉबला मायक्रोमीटर लावला आणि २५.०२ आलं, तर लावायच्या आधीही तो २५.०२च होता, यात वाद नाही. लेक बी.एस्सी.ला आहे. ती म्हणते, इलेक्ट्रॉनचं तसं नसतं. कुणीतरी बघितल्याशिवाय तो कुठं आहे हे ठरतच नाही. आणि यावर शंभर वर्षं शास्त्रज्ञांचीच भांडणं चाललीत म्हणे. मग मोबाईल चालतो कसा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोबाईलचं आधी उरकतो. १९२६ मध्ये श्रोडिंगरने क्वांटमचं, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या शास्त्राचं, समीकरण दिलं, आणि त्यातून शक्यता कशा काढायच्या हे त्याच वर्षी माक्स बॉर्नने सांगितलं. या हिशेबावर भांडण नाही. मोबाईलमधली चिप त्याच्याच भरवशावर बनते. भांडण पुढचं आहे. समीकरण अनेक शक्यता देतं, उपकरणावर आकडा मात्र एकच उमटतो. बाकीच्या शक्यता जातात कुठं?

लेकीचं एक वाक्य तेवढं दुरुस्त करा. ‘कुणीतरी’ लागत नाही. व्हिएन्नामध्ये झाइलिंगर यांच्या गटाने ७० कार्बन अणूंचे अख्खे रेणू जाळ्यांतून सोडून लहरींसारखे पट्टे मिळवले होते. रेणू कोणत्या वाटेने गेला हे ठरलेलं नसेल, तरच असे पट्टे दिसतात. मग त्यांनी निर्वात पोकळीत थोडा थोडा वायू सोडला. वायू वाढला तसे पट्टे पुसट होत गेले. वायूच्या रेणूला ना डोळे, ना मन; त्याची धडक पुरली. ‘मनाने विश्व घडतं, हे क्वांटमने सिद्ध केलं’ अशी व्याख्यानं आपल्याकडं चिक्कार होतात. टाळ्याही पडतात. या प्रयोगात त्यांना काडीचा आधार मिळत नाही.

आता तुमचा मायक्रोमीटर. १९३५ मध्ये पोडोल्स्की आणि रोझेन यांना सोबत घेऊन आइन्स्टाइन जवळपास हेच म्हणत होता : माप आधीपासून असतंच, तुमचं शास्त्र अपुरं आहे. बरीच वर्षं हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा मामला राहिला. १९६४ मध्ये जॉन बेलने त्याला प्रयोगाच्या टेबलावर आणलं. एकमेकांशी गुंतलेले दोन कण लांब लांब ठेवा आणि कोणती बाजू मोजायची ते दोन्हीकडं ऐनवेळी ठरवा. मापं आधीच ठरलेली असतील आणि इकडच्या मोजण्याची झळ तिकडं पोचत नसेल, तर दोन्हीकडची उत्तरं किती जुळतात यावरून काढलेली एक संख्या २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटमचा हिशेब तिला सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर हा प्रयोग झाला. उत्तर आलं २.४२. या वाटेवर आधी चाललेल्या क्लाउझर, आस्पे आणि झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

मग मायक्रोमीटर भंगारात घालायचा? तसंही नाही. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये दाखवलं, की कणाला कायम ठाम जागा देऊनही सगळे आकडे बरोबर येतात. फक्त इथं काही केलं की लांबच्या कणावर तत्क्षणी परिणाम होतो, हे गिळावं लागतं. आइन्स्टाइनला ते गिळवत नव्हतं. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये तिसरंच काढलं : सगळ्याच शक्यता घडतात, आपण त्यातल्या एका फांदीवर असतो. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने पाहणी केली, त्यात ११०० हून अधिक संशोधकांनी उत्तरं दिली. सर्वांत मोठा गट बोरच्या कोपनहेगन परंपरेचा, म्हणजे मोजण्याआधी माप ठरलेलं असतं असं न मानणाऱ्यांचा निघाला, तोही जेमतेम ३६ टक्के.

मला विचाराल, तर मी चौथ्या गटाच्या बातम्या आधी वाचतो. ते म्हणतात, समीकरणातली शक्यतांची लहर आपोआप, खरोखरच मोडते आणि एकच शक्यता उरते. मग समीकरणातच दुरुस्ती हवी. १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी तशी मांडणी केली. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजने लहर मोडण्यामागे गुरुत्वाकर्षणाला कारण धरलं. यांचं म्हणणं खोटं ठरू शकतं, म्हणून ते मला आवडतं. लहर अशी मोडताना विद्युतभारित कणांना हिसके बसतील आणि त्यातून मंद किरण निघतील. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, वर सुमारे १४०० मीटर खडक असलेल्या प्रयोगशाळेत, जर्मेनियमचा डिटेक्टर ठेवून ते शोधले. हवे तितके मिळाले नाहीत. पेनरोजच्या कल्पनेचं सर्वांत साधं रूप २०२० मध्ये बाद झालं. सुधारित रूपं अजून शर्यतीत आहेत.

तुम्ही लेकीला बेलचं गणित तुमच्यासमोर कागदावर मांडायला लावा. बी.एस्सी.च्या त्रिकोणमितीत बसतं ते. २ चा आकडा कुठून येतो, तिथं तिला अडवा.