ग्रँट म्युझियम: प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीला नेताय तर

लंडनमध्ये चारच दिवस आहेत, सोबत बी.एस्सी. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची भाची आहे, तर नॅचरल हिस्टरी म्युझियम सोडून युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रँट म्युझियमसाठी वेळ काढावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर काढा. दीड तास पुरतो. जागा एका मोठ्या दालनाएवढीच आहे, पण नमुने ६८ हजारांच्या घरात. त्यातले थोडेच मांडलेले असतात, तरी कपाटं गच्च भरलेली दिसतात.

आधी वेळेचं बघा, कारण बहुतेकांची फजिती तिथेच होते. रविवार-सोमवार बंद. मंगळवार ते शुक्रवार दुपारी १ ते ५ आणि शनिवारी सकाळी ११ पासून, असं सर्वसाधारण वेळापत्रक आहे. ईस्टर-नाताळच्या सुट्ट्यांत बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या साइटवर खात्री करा. प्रवेश फुकट. युस्टन स्क्वेअर किंवा वॉरन स्ट्रीट स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. दार युनिव्हर्सिटी स्ट्रीटवरच्या रॉकफेलर बिल्डिंगमध्ये आहे. मुख्य कॅम्पसात शोधत बसू नका.

रॉबर्ट ग्रँट यांनी १८२८ च्या सुमारास हा संग्रह सुरू केला तो विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. (एडिंबरामध्ये तरुण डार्विनला समुद्री प्राण्यांची गोडी लावणारे ते हेच.) त्यामुळे इथे एकेक वस्तू बघून पुढे सरकू नका, दोन-दोन नमुने शेजारी धरून बघा. टास्मानियन वाघाचं उदाहरण घ्या. १९३६ साली शेवटचा ज्ञात प्राणी मेला. कवटी लांबून हुबेहूब कुत्र्याची वाटते. पण वरचे पटाशीचे दात मोजा: कुत्र्याला एका बाजूला तीन, याला चार. टाळूच्या हाडात मागच्या बाजूला दोन मोठी भोकं दिसतात आणि खालच्या जबड्याचा मागचा कोपरा आत वळलेला असतो. या खुणा शिशुधानी, म्हणजे कांगारूसारख्या पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्याच्या. अभिसारी उत्क्रांतीवर (दूरच्या नात्यातले प्राणी सारखे दिसू लागणं) चार पानी नोट्स वाचण्यापेक्षा हे दहा मिनिटं बघितलेलं जास्त टिकतं.

क्वागाचा सांगाडा तर चुकवूच नका. हा झेब्र्याचा नामशेष झालेला उपप्रकार. शेवटचा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जगात सातेक सांगाडेच ज्ञात आहेत. इथला सांगाडा कित्येक वर्षं साधा झेब्रा म्हणून उभा होता, कारण पट्टे कातड्यावर असतात, हाडांवर नाही. हरवलेल्या मागच्या पायाच्या जागी दुसऱ्या पायाच्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंट करून बसवलेला पाय आहे, तो वेगळा ओळखू येतो.

मोल (बीळ खणणारा छोटा सस्तन प्राणी) भरलेली बरणी सगळे फोटोसाठी शोधतात. अठरा मोल एकत्र कोंबलेले आहेत. बघा आणि पुढे व्हा. त्यापेक्षा मधोमध उभी चिरलेली डोकी मोलाची. घशाचे सर्जन व्हिक्टर नेगस यांच्या संग्रहातली आहेत. नाकाच्या पोकळीतले वळणदार, पातळ हाडांचे पापुद्रे बघा: वासावर जगणाऱ्या प्राण्यात घड्याच घड्या, माकडात अगदी कमी. आपल्याकडे आता कॉलेजात डिसेक्शन जवळपास बंद झालंय, तेव्हा असा काप बघायला मिळणं ही संधीच.

बरण्यांतले प्राणी पांढुरके का, हे भाची विचारेलच. ऊती आधी फॉर्मेलिनमध्ये पक्क्या करतात, मग साधारण ७० टक्के स्पिरिटमध्ये ठेवतात. स्पिरिटमध्ये बरेचसे रंग विरघळतात, उरलेले उजेडाने उडतात. झाकणाच्या फटीतून स्पिरिट उडून पातळी उतरते, म्हणून अधूनमधून भर घालावी लागते. जेलीफिश, समुद्रफूल असले मऊ प्राणी तर रंग आणि आकार दोन्ही गमावतात. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या ब्लाश्का पितापुत्रांनी त्यांच्या काचेच्या प्रतिकृती केल्या आणि विद्यापीठांनी शिकवण्यासाठी त्या विकत घेतल्या. इथल्या प्रतिकृती बरणीतल्या नमुन्यांशी ताडून बघा.

मायक्रेरियम ही छोटी खोली शेवटी ठेवा. सूक्ष्मदर्शकाच्या दोन हजारांवर स्लाइड मागून उजेड देऊन भिंतीभर लावल्यात. नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात, म्हणून १० पटीचं भिंग बरोबर असू द्या. दाटीवाटी होते, दुपारी उघडल्या उघडल्या गेलात तर निवांत बघता येईल.

फोटोत काचेचं प्रतिबिंब येतं. फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेला जवळजवळ टेकवून, किंचित तिरका धरा. स्केचसाठी पेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही घ्या. लेबलवरचा क्रमांक टिपून ठेवा. संग्रहाच्या ऑनलाइन सूचीत तो टाकला की नमुन्याची नोंद मिळते आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्या क्रमांकानिशी उल्लेख करता येतो.

वेळ उरला तर पाच-सात मिनिटांवर याच कॉलेजचं पीट्री म्युझियम आहे, प्राचीन इजिप्तच्या वस्तूंचं.