लांब केसांच्या कुत्र्याला घरी विंचरताना

कात्री आणि ट्रिमर सध्या बाजूला ठेवा. पहिला महिना फक्त विंचरणं जमवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांची एकच चूक होते: ब्रश वरवर फिरतो. पाठ रेशमासारखी दिसते आणि आत, कातडीलगत, नमद्यासारखा थर साचत असतो. म्हणून एका हाताने केस वर उचलून धरा. खालची कातडी रेघेसारखी दिसली पाहिजे. तिथून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरा. शेवटी स्टीलचा कंगवा घाला. तो मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच झालं म्हणायचं.

गुंता हमखास होतो तो इथे:
- कानामागे
- पुढच्या पायांच्या बगलेत
- गळ्यातल्या पट्ट्याखाली
- मांड्यांच्या मागे

गाठ सापडली की मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि टोकाकडून सोडवत या. कात्री लावू नका. गाठीत कातडीही ओढली गेलेली असते, ती दिसत नाही आणि कापली जाते. माझ्या हातून एकदा झालंय. कानामागची ती जखम अजून डोळ्यांसमोर आहे.

आंघोळ गुंता काढल्यावरच. भिजून वाळलेली गाठ आणखी आवळते.

रोज १० मिनिटं पुरेत. कुत्रा अस्वस्थ होऊन तोंड फिरवायला, ओठ चाटायला लागला की थांबा, उरलेलं उद्या. आत मऊ लव आणि वर लांब केस असलेल्या कुत्र्याचं उन्हाळ्यात मुंडण मात्र करू नका. नखांचं नंतर बोलू.