मी पाच महिन्यांची गरोदर आहे. मोठ्या मुलीचा दीड वर्षाचा डोस आत्ता द्यावा की बाळंतपणानंतर?

ताई, आत्ताच द्या. येत्या लसीकरणाच्या दिवशीच तिला घेऊन जा.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सतरा महिन्यांची आहे आणि आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या. पण सासूबाईंनी ऐकलंय की गोवराच्या लशीत जिवंत विषाणू असतात आणि ते मुलीच्या अंगातून तुमच्या पोटातल्या बाळापर्यंत जातील. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. लशीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात हे त्यांनी बरोबरच ऐकलंय. गरोदर बाईला स्वतःला ही लस देत नाहीत, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींना त्यांनी मनात तिसरी जोडली, की घरातल्या मुलालाही देऊ नये. चूक तेवढीच आहे.

मी एकवीस वर्षं एएनएम, म्हणजे लस टोचणारी, बाळंतिणींना बघणारी सरकारी नर्स म्हणून उपकेंद्रावर काम केलं. धाकट्याच्या वेळी आठवा महिना लागेपर्यंत निळा डबा खांद्याला लावून वाडी-वस्तीवर जात होते. गोवराच्या बाटल्या मीच फोडायची, पोलिओचे थेंब मीच पाजायची, बूथवर पोरांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण मीच करायची. थोरलीचा बूस्टरही त्याच दिवसांत मी स्वतःच्या हाताने दिला. गरोदर नर्सने लस टोचू नये असा नियम नाही, कारण तसं कारणच नाही.

आता तुमच्या लेकीला त्या दिवशी काय काय मिळणार ते बघा. उजव्या दंडात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस (रुबेला हा गोवरासारखंच, पण सौम्य पुरळ आणणारा वेगळा आजार). डाव्या मांडीत डीपीटीचा बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. तोंडात पोलिओचे दोन थेंब. शिवाय अ जीवनसत्त्वाचं पिवळसर औषध चमच्याने देतात. ते फक्त तिचं. गरोदरपणात अ जीवनसत्त्व जास्त जाऊन चालत नाही, म्हणून तिने अर्धं ठेवलं तर चमचा तुम्ही चाटून संपवू नका. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही असते, पण तो आजार डासांमुळे होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही.

यातल्या डीपीटीत जिवंत काहीच नसतं, तेव्हा तिचा प्रश्नच मिटला. गोवर-रुबेलाच्या लशीतला विषाणू जिवंत असला तरी लस घेतलेल्या मुलाकडून तो दुसऱ्याला लागत नाही. खोकण्यातून नाही, एका ताटात जेवण्यातून नाही, रात्री कुशीत घेऊन झोपण्यातून नाही. दिवस गेलेत हे माहीत नसताना ज्यांनी रुबेलाची लस स्वतःच्याच दंडात घेतली, अशा शेकडो बायकांच्या बाळांवर वेगवेगळ्या देशांत पुढे लक्ष ठेवलं गेलं. त्या बाळांत रुबेलाने येणारी व्यंगं आढळली नाहीत. तरीही खबरदारी म्हणून गरोदर बाईला ती देत नाहीत. तुम्हाला तर ती कोणी टोचणारच नाहीये.

एक घर मला आजही आठवतं. बाळंतिणीला भेट द्यायला गेले होते. बाळ दीड महिन्याचं, वजन कमी. दाराशी उजेडात घेऊन बघितलं तर दोन्ही बाहुल्यांत दुधाळ पांढरट काहीतरी. मी ताटलीवर चमचा वाजवला, बाळ दचकलं नाही. पुन्हा वाजवला. आई म्हणाली, ते झोपाळूच आहे हो. मग विचारत विचारत गेले तेव्हा कळलं की तिला दुसऱ्या महिन्यात बारीक ताप येऊन अंगावर पुरळ उठलं होतं, तीन दिवसांत गेलं, सगळ्यांनी घामोळं समजून सोडून दिलं. त्याच्या आधी जावेच्या मुलाला तसंच पुरळ आलं होतं. बाळाला पुढे पाठवलं, तपासणीत रुबेला निघाला. जन्मतःच मोतीबिंदू, कानाने ऐकू नाही, हृदयात दोष.

बाळांचा मोतीबिंदू आणि आईचा रुबेला यांचा संबंध ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी 1941 साली पहिल्यांदा दाखवून दिला. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत झळ पोचू शकते. आणि तो घरात कोण आणतं? बहुतेक वेळा लहान मूलच, अंगणवाडीतून, शेजारच्या अंगणातून, लग्नघरातून. तुम्हाला पाचवा महिना आहे, म्हणजे रुबेलाचा सर्वांत धोक्याचा काळ मागे पडला. पण गोवर नवव्या महिन्यातही तितकाच वाईट. गरोदरपणी गोवर झाला तर न्यूमोनिया होऊ शकतो, दिवस भरायच्या आत बाळंत व्हायची वेळ येऊ शकते. गोवर संपला असं कोणी म्हणालं तर 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला काय झालं ते त्यांना आठवून द्या. पोरं दगावली होती.

खरं सांगायचं तर मला तुमच्या घराची जास्त काळजी वाटते ती डांग्या खोकल्यापायी. नवं बाळ जन्मलं की त्याची पेंटाची (डांग्या खोकल्यासकट पाच आजारांवरची) पहिली लस दीड महिन्याने. तोवर त्याच्याकडे डांग्या खोकल्याविरुद्ध स्वतःचं काही नसतं, आईकडून मिळालं तेवढंच. इतक्या लहान बाळाला हा खोकला झाला तर कधी कधी ते खोकतही नाही, श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. आणि बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊन पापे घेणारी घरात कोण असणार? त्याची थोरली बहीण, तुमची लेक! तुम्ही बाळंतपणापर्यंत थांबलात तर चार महिने गेले. मग सव्वा महिना, मग बारसं, मग नव्याचं दूध आणि जागरणं. कार्डावरचा तो चौकोन रिकामाच राहतो, असं मी कितीदा पाहिलंय. उशीर झाला तरी डोस वाया जात नाही, नंतरही देतात; पण ज्या महिन्यांत त्याची गरज होती ते महिने निघून जातात.

पोलिओच्या थेंबांचं थोडं वेगळं आहे. त्यातला दुबळा विषाणू काही आठवडे मुलाच्या शीमधून बाहेर पडतो. म्हणून तिची शी धुतल्यावर, चड्डी बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, जे एरवीही करतोच. जमलं तर ते काम थोडे दिवस मिस्टरांकडे द्या. यापलीकडे घाबरायचं कारण नाही. 1985 साली फिनलंडमध्ये साथ थोपवायला जवळजवळ सगळ्या देशाला तोंडावाटे पोलिओची लस दिली होती, गरोदर बायकांनासुद्धा, आणि नंतर बाळांमधल्या व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

आता डोस झाल्यावरचं. त्याच रात्री ताप आला, मांडी दुखून ती लंगडली तर ते डीपीटीचं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टरना वजन सांगून विचारून घ्या. पण सात ते बारा दिवसांनी गोवराच्या लशीमुळे कदाचित पुन्हा अंग कोमट लागेल, छातीवर फिकट पुरळ दिसेल. नेमक्या या दिवशी घरात गोंधळ उडतो, सासूबाई म्हणतील, बघ, आलाच गोवर. हा लशीचा ताप आहे, एक-दोन दिवसांत उतरतो, तुम्हाला लागत नाही. मुलीला तुमच्यापासून वेगळं झोपवू नका, ती बिचारी आधीच रडवेली असेल. दोन-तीन दिवसांत उतरलाच नाही किंवा ती मलूल झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवशी तुम्हाला धोका एकाच गोष्टीचा आहे: लाथेचा. दीड वर्षाचं पोर सुई लागली की असं झोडतं की धरणाऱ्याच्या पोटात पाय बसतो. तिला तुम्ही मांडीवर घेऊ नका. सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्याच मांडीवर बसवा, पाय गुडघ्यात धरायला सांगा. सिस्टरना म्हणा, गोवराची बाटली किती वाजता फोडली ते दाखवा. लेबलवर वेळ लिहिलेली असते आणि चार तासांच्या पुढे ती वापरायची नसते. सासूबाईंनी स्वतः डोळ्यांनी वाचली की त्यांनाही बरं वाटेल. मग अर्धा तास तिथेच बसा.

खाजगी डॉक्टरांकडे कांजिण्यांची लस द्यायची असेल तर तीही देता येते. तिच्यानंतर मुलीच्या अंगावर फोड उठलेच, तर खपल्या धरेपर्यंत तिचं न्हाऊमाखू दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यातून लागण क्वचितच होते. तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तेवढीही काळजी नाही.

मुलीला कर्करोगावरचे उपचार चालू असतील, प्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा मागच्या डोसला अंगभर गाठी येऊन श्वास कोंडला असेल, तर डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. नुसती सर्दी असेल तर थांबू नका.

तुमच्या स्वतःच्या अंगात रुबेलाविरुद्ध ताकद आहे का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये झाली, पण ती पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी होती. त्या वेळी पंधरा ओलांडलेल्या कितीतरी मुलींना रुबेलाची लस कधी मिळालीच नाही. तशा असाल तर बाळंतपणानंतर एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस) घेता येते, अंगावर पाजत असतानाही, फक्त पुढे महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

आणि जाताना मुलीच्या कार्डाबरोबर तुमचंही कार्ड घ्या. मागच्या बाळंतपणाला तीन वर्षं झालेली नाहीत, त्या वेळी दोन्ही इंजेक्शनं घेतली असतील तर या खेपेला टीडीचा एकच बूस्टर लागेल. पूर्वी टीटी म्हणायचे तेच धनुर्वाताचं इंजेक्शन, आता त्यात घटसर्पाचीही लस असते. तो अजून घेतला नसेल तर त्याच फेरीत तुमचंही काम होईल.