रस्ता वर आला, घर खाली गेलं

प्रश्न : आमचं घर मानेवाड्याच्या एका जुन्या लेआउटमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात समोर सिमेंट रोड झाला आणि तो अंगणापेक्षा जवळपास फूटभर उंच आला. पावसाळ्यात पाणी थेट बैठकीत शिरलं. अंगणातली विहीर मात्र यंदा एप्रिलातच आटली. मुलगी कॉलेजात 'शाश्वत नागरी विकास' या विषयावर प्रकल्प करते आहे. ती म्हणते, मेट्रो बघ, नागपूर किती पुढे गेलं. तिला काय सांगू? आता मागच्या गल्लीतही सिमेंट रोड होणार आहे.
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामात गेली. त्यामुळे कुठल्याही शहरात मी आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते बघतो. त्या हिशेबाने नागपूरने एक खरोखर मोठं काम केलंय. मेट्रोसारखं ते डोळ्यांत भरत नाही, पण मुलीच्या प्रकल्पात ते यायलाच हवं.

कोराडीच्या वीज केंद्राला प्रचंड पाणी लागतं. ते सगळं शहराला पाणी देणाऱ्या पेंच धरणातून उचललं, तर आपल्या नळाच्या वाट्याचं कमी होतं. म्हणून 2008 साली महापालिका आणि महानिर्मिती, म्हणजे राज्याची वीजनिर्मिती कंपनी, यांच्यात करार झाला. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं आणि ते कोराडीला द्यायचं. महानिर्मिती त्याचे महापालिकेला पैसे देते. आपल्या गडर लाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या नळांचं, पाणी विकलं जातं आणि तेवढं धरणात शिल्लक राहतं. त्या वेळी देशात असा विचार करणारी शहरं मोजकीच होती. मला या कामाचा अभिमान वाटतो.

मात्र सगळं सांडपाणी भांडेवाडीला पोचत नाही. बरंचसं नाग नदीत जातं, तिथून कन्हानमध्ये, पुढे वैनगंगेत आणि शेवटी गोसेखुर्दच्या जलाशयात. 11 डिसेंबर 2022 ला मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं, त्याच दिवशी 1,925 कोटींहून अधिक खर्चाच्या नाग नदी प्रकल्पाची पायाभरणीही झाली. मुलीला म्हणावं, या दोन कामांची आजची स्थिती शेजारी शेजारी मांड.

आता तुमच्या अंगणाकडे येतो. सांडपाण्याची किंमत आपल्याला कळली, पावसाच्या पाण्याची अजून कळलेली नाही. नागपुरात वर्षाला साधारण 1,000 मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी येतं. अंगणात फरशी, फाटकाबाहेर गट्टू (सिमेंटच्या विटा), त्यापुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंट. ते पाणी मुरणार कुठे? तुमची बैठक भिजते आणि विहीर आटते, या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि माणसं गेली. पाऊस मोठा होता, हे खरंच. पण पाणी थोपवणारी मोकळी जमीन आणि नदीचं पात्र आपणच आवळत आणलं होतं.

सिमेंट रोडला माझा विरोध नाही. आपल्या काळ्या मातीवर डांबर लवकर उखडतं, सिमेंट टिकतं. चूक होते ती जुना रस्ता न खोदता त्यावरच थर चढवण्यात. मागच्या गल्लीचं काम सुरू व्हायच्या आत पाच-दहा घरांनी मिळून महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या. रस्त्याची शेवटची लेव्हल किती राहणार, जुना थर किती खोदणार आणि पावसाळी नाली कुठल्या नाल्याला जोडणार, एवढंच विचारा. उत्तर नाही आलं, तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि नकाशा मागा. 2005 च्या या कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी सोडायला सांगा, आणि सिमेंट ओतलं जाताना कोणीतरी घरचं माणूस तिथे उभं राहू द्या.

स्वतःच्या घरासाठी खर्चही फार नाही. गच्चीचा पाइप जाळी आणि गिट्टी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडा, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या. 500 चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर नव्या बांधकामाला हे सक्तीचं आहे, तुमच्यासारख्या जुन्या घरांना नाही. तरीही करा. फाटकाला उंबरा बांधून पाणी अडवाल, तर ते शेजाऱ्याकडे जाईल, म्हणून तो उपाय शेवटी ठेवा.

अर्जाचं उत्तर आलं की त्याची प्रत पाठवा. लेव्हलचे आकडे मी तपासून कळवतो.