सात कप आणि एक कुलूप

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात मुलीच्या गुणांविषयी दोन ओळी आहेत आणि तिने ‘वाया घालवलेल्या’ संध्याकाळींविषयी दीड पान. आजोबांचा हात थरथरतो म्हणून अकरावीतली मुलगी त्यांच्यासाठी कप घडवते, आणि आपण ‘एवढी काळजी आहे तर डॉक्टर हो’ असे सुनावून तिचे सात नमुने कपाटात कुलूपबंद करता, हे वाचून मला तिच्या भवितव्यापेक्षा आपल्या घराची चिंता वाटली. स्वतःच्या वडिलांच्या आजाराचा धाक घालून मुलीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेकडे ढकलू नये, ते वाक्य आजोबांनीही ऐकलेच असेल.

थरथर म्हणजे पार्किन्सन हा मेंदूचा आजार आणि त्यावर उपाय जड कप, हा समज आपल्या पत्रात आहे, तसाच तिच्या वहीतही. पार्किन्सनचा कंप सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होतो, पण तो मुख्यतः हात स्वस्थ असताना दिसतो आणि वस्तू उचलताना अनेकदा कमी होतो. त्याहून अधिक लोकांना होणारा इसेन्शियल ट्रेमर हा कंपाचा वेगळा विकार मात्र नेमका कप उचलताना जाणवतो आणि ओठांजवळ बळावतो. वजनाने काहींचा हात स्थिरावतो, तर ज्यांचे स्नायू आधीच ताठरलेले असतात ते नुसतेच दमतात. शिवाय साध्या मगातले पाणी स्वतःच सेकंदाला 3-4 हेलकावे खाते, त्यामुळे हाताच्या लयीशी त्याची लय जुळली की ते काठावरून उसळते. डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी नात्यातील ज्येष्ठाचा पार्किन्सन जवळून पाहून केलेल्या कपाचा काठ म्हणूनच आत वळलेला आहे: उसळलेले पाणी पुन्हा आत पडते, आणि तो कप रुग्णाचा वाटत नाही.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पत्रासोबतच्या छायाचित्रातले सातही कप रिकामे आहेत आणि चाचणी तू स्वतःचा हात हलवून घेतली आहेस. प्रत्येक कपात 150 मिलिलिटर पाणी मोजून घे, आजोबांना रोजच्या खुर्चीत बसवून तीन घोट पिऊ दे आणि सांडलेले पाणी टिपणारा रुमाल आधी व नंतर काट्यावर तोल. घोट घेताना त्यांची मान कितपत मागे जाते तेही पाहा. नाकासाठी खाच ठेवलेले कप मान मागे न झुकवता पिता यावे यासाठीच असतात.

डिझाइनसाठी आयआयटींसारख्या संस्थांची यूसीड आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) अशा प्रवेश परीक्षा आहेत, त्यांना बारावीची कोणतीही शाखा चालते. माझा कल मात्र तिसरीकडे आहे. तिच्या वहीत रेखाटने थोडी आणि ‘पाहुणे आले की आजोबा पाणी नको म्हणतात’ अशा नोंदी पुष्कळ आहेत; हे लक्ष ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारात, लागते, कारण कोणत्या हाताला कोणता कप द्यायचा हे ठरवणे त्या व्यवसायातले रोजचे काम आहे.

कपाट उघडावे. पुढच्या पत्रासोबत गुणपत्रिका नको, त्या सात रुमालांची वजने पाठवावीत.